शनिवारी दहा ते पावणेअकरा

ढब्बूला कुठला तरी क्लास लावायचाच, असं ताईनं ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी ढब्बू पलंगाखाली बसून बापाचा मोजा चघळत होता. मोजा धुतलेला नव्हता. ढब्बूचं वय सव्वा वर्ष आणि वजन वयाला न शोभणारं, म्हणून नाव ढब्बू. खरं नाव दवाखान्याच्या फाइलीत होतं आणि तिथंच राहिलं होतं. ताईचंही तसंच. पाठच्या भावामुळे लहानपणी चिकटलेलं ‘ताई’ इतकं घट्ट बसलं होतं, की एकदा चारचौघांत नवराही तिला चुकून ताई म्हणून गेला होता आणि मग आठवडाभर मित्रांची थट्टा सोसत होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टला वार कळत नाही, त्यामुळे त्यालाही कळत नसे. ताई चष्म्याच्या दुकानात होती. भिंगं बसवणं, काड्या सरळ करणं, नाकावरचे पॅड बदलणं, आणि नवीन चष्मा लावून ‘जमीन वर आल्यासारखी वाटते’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची समजूत काढणं हे तिचं काम. दिवसभर ढब्बूला सांभाळायची ती ताईची आई. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण विभागात एकतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली आणि दोन पिशव्या घेऊन लेकीकडे राहायला आली. तिनं सांभाळणं म्हणजे वेळेवर खाऊ घालणं, वेळेवर झोपवणं, अंग कोरडं ठेवणं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण खेळणं तिच्या यादीत नव्हतं. ढब्बू पलंगाखाली, आई पलंगावर, दोघं आपापल्या जागी गप्प.

म्हणून क्लास. ताईनं शोध सुरू केला.

पहिली जागा काचेच्या दरवाजाची. आत मऊ गाद्या, भिंतींवर ढग, आणि बूट काढून ठेवायला वेगळा माणूस. तिथल्या मुलीनं फीचा कागद पुढे सरकवला आणि वर्षाची एकदम भरायची असं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की ताईला तो आकडा वाचायला दोनदा चष्मा पुसावा लागला. ‘घरी विचारून सांगते,’ म्हणून तिनं पाय काढता घेतला. दुसरी जागा गाण्याच्या मास्तरांची. आईबापांनी बाहेर थांबायचं, मुलं आत. दहा मिनिटांनी मास्तर स्वतःच ढब्बूला घेऊन बाहेर आले. त्यांच्या मनगटावर चार दात उमटले होते. तिसरी जागा अगदी स्वस्त होती, आणि का स्वस्त होती हे दार उघडल्यावर कळलं. बारा मुलं एका टीव्हीपुढे बसली होती आणि बाई कोपऱ्यात फोनवर भांडत होत्या.

चौथी जागा तिला वाचनालयाच्या फळ्यावर सापडली. हातानं लिहिलेला कागद होता. ‘छोट्यांचा तास. शनिवारी दहा ते पावणेअकरा. वरचा हॉल. ज्या दिवशी याल त्या दिवसाचेच पैसे. घरून एक पळी आणि एक झाकण आणावे. मुलासोबत एक मोठे माणूस हवेच.’

ताईनं त्या शनिवारची सुट्टी मिनतवारीनं मिळवली आणि ढब्बूला घेऊन गेली. हॉल म्हणजे एके काळची मासिकांची खोली. रिकामी कपाटं भिंतीला लावलेली, मधे सतरंजी, त्यावर दहा-बारा मुलं आणि त्यांची मोठी माणसं. तास घेणारी बाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली, काटक, आवाज खणखणीत. तासाची सुरुवात टाळीनं आणि शेवटही टाळीनं, म्हणून सगळे तिला टाळीबाईच म्हणत. ढब्बू पाऊण तासातला बराचसा वेळ ताईचा कान धरून मांडीत बसला. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं पळी उचलली, झाकणावर एक दणका हाणला, आणि तो आवाज आपण काढला हे कळताच मान वर करून ताईकडे पाहिलं. बस्स. ताईचा निर्णय तिथंच झाला.

सोमवारी ती दुकानाच्या मालकांकडे गेली.

‘दर शनिवारी सकाळी दोन तास उशिरा आले तर चालेल का?’

मालक एक भिंग उजेडाकडे धरून बघत होते. ‘शनिवार सोडून काय हवं ते माग,’ ते म्हणाले. ‘अख्ख्या गावाला शनिवारीच कमी दिसतं.’

मग आईशिवाय कोण उरलं?

‘मी?’ आई म्हणाली. ‘मी तिथं जाऊन काय करू?’

‘काही नाही गं. त्याच्याबरोबर बसायचं.’

‘खुर्ची असेल ना?’

‘खाली बसायचं. सतरंजीवर.’

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी तिला दोरा न ओवता काज करायला सांगितलं होतं. पण शनिवारी ती गेली. संध्याकाळी दुकानातून आल्यावर ताईनं विचारलं, ‘कसं झालं?’ तर ‘बरं होतं,’ एवढंच. दुसऱ्या शनिवारी ‘झालं’. ताईला हायसं वाटलं. आई आपली नुसती बसून येते, पोराला चार पोरं दिसतात, पुरे झालं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ताई दुकानातून आली, तेव्हा आई भांडी पुसत होती आणि ढब्बू तिच्या पायाशी होता. आई सहज म्हणाली, ‘पाऊस.’ ढब्बूनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. आई म्हणाली, ‘ऊन.’ ढब्बूनं डोळे गच्च मिटले. ‘वारा’ म्हटल्यावर तो जागच्या जागी हलायला लागला आणि धपकन बसला. दोघंही हसली. आईच्या हसण्याला आवाज आहे, हे ताईला तोवर माहीतच नव्हतं.

‘मला दाखव की,’ ताई खाली वाकून ढब्बूला म्हणाली. ‘पाऊस.’

ढब्बूनं आजीकडे पाहिलं.

तिथं पहिली ठिणगी पडली. ताईनं ती हसण्यावारी नेली, रात्रीचा भात टाकला, नवऱ्याला कौतुकानं सांगितलंही. पण भात टाकताना झाकण जरा जोरात आपटलं.

चौथ्या शनिवारी क्लासमधल्या कुणा आईनं ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. ताई तेव्हा दुकानात एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होती. तिनं तो आवळला, आजोबांना वाटेला लावलं आणि फोन उघडला. सतरंजीवर आई होती, दोन हातांवर आणि दोन गुडघ्यांवर. केस सुटलेले. तोंडानं ती गुरगुरत होती, चक्क अस्वलासारखी, आणि ढब्बूच्या मागे रांगत होती. ढब्बू किंचाळत पळत होता, वळून बघत होता, पुन्हा पळत होता. सगळा व्हिडिओ बावीस सेकंदांचा. ताईनं तो त्या दिवशी किती वेळा पाहिला याला गणती नाही.

ताईच्या लहानपणातली आई म्हणजे पाय होते. कारखान्यातून आली की आई घरच्या मशीनवर बसायची, शेजारपाजारचे कपडे शिवायला. ताई मशीनच्या खाली, कापडाच्या चिंध्यांत. वरून मशीनची घरघर आणि समोर दोन पाय, पॅडल मागे-पुढे करणारे. ती चिंध्यांचं दुकान मांडायची आणि त्या पायांना माल विकायची. ‘आई, हे घे ना.’ ‘ठेव तिथं.’ ‘आई, बघ ना.’ ‘मान वर करायला वेळ नाही गं बाई.’ पायांनी कधी काही विकत घेतलं नाही.

सुरुवातीला ताईला वाटलं, आपल्याला आईचा हेवा वाटतोय. वाटणारच. शोधाशोध आपण केली, मालकांपुढे तोंड आपण वेंगाडलं, आणि पोराचं हसू मात्र आईच्या वाट्याला. नवऱ्याला तिनं तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, ‘आजीला लळा लागला तर चांगलंच आहे की.’ लिफ्टवाल्याला दोनच गोष्टी कळतात, वर आणि खाली, असं ती मनात म्हणाली. पण मग एकदा तो व्हिडिओ बघताना तिच्या लक्षात आलं, की आपण आईवर रागावलेलोच नाही. आपण ढब्बूकडे बघतोय. सव्वा वर्षाचं ते पोर, लाळ गळणारं, तोंडभर हसणारं, आणि त्याच्यामागे आई गुडघे झिजवत धावतेय. आणि जे काही खुपतंय ते त्या पोराकडे बघून. स्वतःच्या पोटच्या पोराचा हेवा. तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली म्हणून हेवा काही कमी झाला नाही.

मग ती बारीक-सारीक खुसपटं काढायला लागली. सतरंजीवर धूळ असते, त्याला सर्दी होते. तुझे गुडघे दुखतात, कशाला रांगतेस या वयात? पळी घरातली चांगली नको, ती जुनी ने. आई सगळ्याला ‘बरं’ म्हणायची आणि शनिवारी पावणेदहाला पिशवी खांद्याला लावून तयार असायची. एकदा तर ताईनं तिला आरशासमोर गुरगुरण्याचा सराव करताना पाहिलं. ताई दारातूनच मागे फिरली.

शेवटी तिनं ते केलं, जे ती कुणाला सांगू शकली नसती. दुकानातल्या जोडीदारणीला शब्द देऊन एका शनिवारची सकाळ मोकळी करून घेतली आणि शुक्रवारी आईला म्हणाली, ‘उद्या क्लास नाहीये. हॉलचं काहीतरी काम निघालंय. माझी सकाळ मोकळी आहे, मी त्याला बागेत नेऊन आणते. तू आराम कर.’

‘बरं,’ आई म्हणाली. ढब्बूची पिशवी तिनं भरून ठेवली होती. त्यातली पळी आणि झाकण काढून तिनं जागेवर ठेवलं. ताईला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी पळी-झाकणाशिवायच ती ढब्बूला घेऊन क्लासला गेली.

हॉलमध्ये पाऊल टाकताच पहिला प्रश्न आला, ‘आजी कुठायत?’ निळ्या चष्म्याच्या एका आजींनी विचारलं. मग जुळ्यांच्या बाबांनी विचारलं. मग टाळीबाईंनी. ‘बरं नाही जरा,’ ताई म्हणाली, म्हणजे एका खोट्यावर दुसरं चढलं. ढब्बू दाराकडे तोंड करून बसला. पाऊस आला, ऊन आलं, वारा आला. त्यानं हात हलवला नाही. अस्वलाच्या खेळात ताई हातांवर-गुडघ्यांवर झाली आणि त्याच्या मागे निघाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि ‘जी, जी’ म्हणत असा टाहो फोडला, की जुळीही रडायला लागली.

टाळीबाईंनी त्याला उचलून खिडकीशी नेलं. तास संपल्यावर त्या सतरंजी झटकत ताईला म्हणाल्या, ‘मनावर घेऊ नका. अस्वल आधी गुरगुरतं, मग निघतं. तुम्ही न गुरगुरता निघालात. त्याला वाटलं, आई पडली.’

ताई कसंनुसं हसली.

‘तुमच्या आईंनाही कुठं येत होतं,’ टाळीबाई पुढे म्हणाल्या. ‘पहिल्या शनिवारी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. नंतर मंगळवारी एकट्याच आल्या. मी इथं कपाटं पुसत होते. म्हणाल्या, मला खेळता येत नाही, शिकवाल का? मी म्हटलं, यात शिकवायचं काय? तर म्हणाल्या, मला काज करायला शिकवलं होतं, तसंच शिकवा, एकेक हात दाखवून. त्यानंतर चार मंगळवार आल्या. गुडघ्यांखाली घ्यायला स्वतः शिवलेल्या दोन उश्या घेऊन.’

हे ऐकून ताईचं मन भरून यायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तिच्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की म्हणजे शिकता येत होतं. तेव्हाही आलं असतं. घरी येईस्तोवर तिच्या मनात तेवढं एकच वाक्य फिरत होतं.

आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. फोन मांडीत.

‘निळ्या चष्म्याच्या बाईंचा फोन आला होता,’ ती म्हणाली. ‘माझी तब्येत विचारायला.’

ताईनं ढब्बूला खाली सोडलं. तो तुरुतुरु आजीकडे गेला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून उभा राहिला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत ताईकडेच राहिली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

‘मला सांगायचं ना, तुला जायचंय म्हणून,’ आई म्हणाली. ‘मी काय अडवलं असतं?’

‘माझ्याबरोबर कधी बसलीस तू खाली?’ ताई म्हणाली. हे असं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. ‘एकदा तरी? मी मशीनखाली बसून तुझ्या पायांशी बोलायचे. आणि याच्यासाठी तू अस्वल होतेस. शिकवणी लावून अस्वल होतेस.’

आईनं मांडीतला फोन उचलून ओट्यावर ठेवला.

‘नाही बसले,’ मग ती म्हणाली.

ताईला वाटलं होतं ती कारणं सांगेल. कारखाना, कामाचे तास, दोन पोरं, बापाचं आजारपण. ती सगळी ताईला पाठ होती आणि त्या प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. पण आईनं एकही कारण सांगितलं नाही.

‘तुला शेजारच्या काकू आठवतात?’ आईनं विचारलं. ‘नसतील. तू याच्याएवढी होतीस. मी कामावर जायचे तेव्हा तू त्यांच्याकडे असायचीस. चांगली बाई. तुला मांडीवर घेऊन गाणी म्हणायची. एकदा कारखान्यात वीज गेली म्हणून मी लवकर आले. दारात उभी राहिले. तू त्यांना आई म्हणालीस. मी हाक मारली, तर तू त्यांच्या मागे लपलीस.’

ढब्बू आजीच्या चपलेचा पट्टा ओढत होता. आईनं पाय सोडवून घेतला नाही.

‘मी त्यांना काय काय बोलले ते तुला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी तुला तिथून उचललं आणि गल्लीच्या टोकाला एक बाई पोरं सांभाळायची, तिच्याकडे ठेवलं. एका खोलीत आठ पोरं. तू चार महिने बोललीच नाहीस. जे दोन-चार शब्द येत होते तेही गेले. मला कळत होतं सगळं. काकूंचं दार समोरच होतं. जाऊन माफी मागितली असती तर त्यांनी तुला घेतलं असतं. पण पाय उचलला नाही माझा. मला वाटायचं, गप्प राहिली तरी चालेल, पण दुसऱ्या कुणाला आई म्हणायला नको.’

‘हे मला कधी सांगितलं नाहीस,’ ताई म्हणाली.

‘सांगण्यासारखं काय आहे त्यात?’ आई उठली. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं तिला. ‘त्याची जेवायची वेळ झाली.’

तो आठवडा घरात सगळे जपून बोलत होते. नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालंय, आणि दोनदा त्याला ‘कुठं काय’ असं उत्तर मिळालं. ताई दुकानात काम करता करता थांबायची. आठ पोरांची ती खोली तिला आठवत नव्हती, कितीही ताण दिला तरी. काकूही आठवत नव्हत्या. आईचा राग येत होता, आणि दारात उभी राहिलेली ती तरुण बाई, हातात डबा, पोरगी मागे लपलेली, तीही डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या बाईला तेव्हा काय वाटलं असेल हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला ते अगदी जसंच्या तसं माहीत होतं. फरक एवढाच होता, की आईनं तेव्हा तिला उचलून दुसरीकडे नेलं होतं आणि ताई अजून ढब्बूला उचलायच्या बेतात होती. कारण तसा विचार तिनं केला होता. बुधवारी दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं अंतर मोजताना, की दुसरा कुठला तरी क्लास बघावा, रविवारचा, जिथं आपण एकटीच जाऊ.

शनिवारी सकाळी आईनं भरलेली पिशवी ताईच्या पुढ्यात ठेवली. ‘तू ने.’

‘मला दुकान आहे.’

‘मग मी नेते,’ आई म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावली. तिच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता.

त्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर ताई पुन्हा मालकांपुढे उभी राहिली.

‘महिन्याचा पहिला शनिवार,’ ती म्हणाली. ‘फक्त सकाळ. बारापर्यंत मी येते.’

‘आणि बदल्यात?’

‘मागच्या खोलीतले सगळे खण मी रविवारी लावून देते. स्क्रू, पॅड, काड्या, सगळं मापानं वेगळं करून.’

ते खण लावायला दुकानात सहा वर्षं कुणी हात घातला नव्हता. मालकांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि मान हलवली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिघं मिळून निघाली. हॉलमध्ये निळ्या चष्म्याच्या आजींनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सरकून जागा करून दिली. आईनं पिशवीतून गुडघ्यांच्या दोन उश्या काढल्या, एक आपल्याखाली घेतली आणि दुसरी ताईकडे सरकवली. पाऊस झाला, ऊन झालं. वाऱ्याला ढब्बू हलत हलत आजीकडे गेला आणि तिच्या अंगावर कोसळला. ताईला पुन्हा तेच खुपलं. ती बसून राहिली.

मग टाळीबाईंनी चेंडू वाटले. जोडी-जोडीनं समोरासमोर बसायचं, पाय पसरायचे, चेंडू गडगडत सोडायचा. ढब्बूनं आपला चेंडू घेतला, त्याला एकदा चाटलं, आणि तो तिथंच टाकून जुळ्यांपैकी एकाच्या मागे चालता झाला. त्या जुळ्याच्या हातात कुणाचा तरी बूट होता. दोघं बूट घेऊन कपाटाकडे गेले आणि तिथंच बसले.

आई आणि ताई समोरासमोर उरल्या. आजूबाजूला सगळ्यांचे चेंडू गडगडत होते. ताई उठायला लागली.

‘बस,’ आई म्हणाली. ‘पाय पसर. असे नाही, रुंद. चेंडू बाहेर जाईल.’

‘पसरलेत की.’

‘अजून जरा.’

ताईनं पाय आणखी पसरले. आईनं चेंडू सोडला. तो जरा वाकडा गेला. ताईनं हात लांब करून तो अडवला आणि परत सोडला.

‘हळू,’ आई म्हणाली.